देशांतरीचं सूतक

माझे वडील गेले त्या दिवशी मी झाशीत पुरण वाटत होते. १९७८ सालचा श्रावणातला शुक्रवार. राखी होऊन आठवडा उलटला होता, म्हणजे आमच्या गल्लीतल्या बुंदेली बायकांचा सावन संपून भादों लागला होता. आमचा श्रावण अजून चालू होता, कारण आम्ही अमावास्येला महिना संपवणारी माणसं. भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवला, पुरणाचे दिवे केले, दोन वर्षांच्या लेकाला पाटावर बसवून ओवाळलं. त्याच संध्याकाळी वाईला कृष्णेच्या काठी माझ्या भावाने वडिलांना अग्नी दिला. मला ते सोमवारी कळलं. पावसाने तारा तुटल्या होत्या म्हणे.

तारवाल्याने आधी सही घेतली, मग कागद हातात दिला. त्यावर छापलेल्या अक्षरांची पट्टी आडवी चिकटवलेली, एका टोकाला डिंक सुटून ती जराशी वर उचललेली. फादर एक्स्पायर्ड फ्रायडे. खाली भावाचं नाव. सासूबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण तार कशाची ते त्यांना वाचावं लागलं नाही. त्यांनी माझ्या हातातला झारा काढून घेतला, स्टोव्ह बंद केला, मला न्हाणीत नेलं आणि डोक्यावरून पाणी घातलं. मी तीन दिवस आधीच्या पुरणाच्या दिव्यांचाच विचार करत होते. वडील नसताना मी सण केला होता, आणि मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी गुरुजी आले. मामंजींनी विचारलं, ‘‘सूनबाईंना किती दिवस?’’ गुरुजींना पोथी उघडावी लागली नाही. ‘‘लेक लग्न झालेली, कळलं ते दहा दिवसांच्या आत. तीन दिवस धरा.’’ मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, ‘‘बाई, झाशीच्या घरांतून हे प्रकरण आम्हाला फार वेळा सांगावं लागलं आहे.’’

त्या प्रकरणाला शास्त्रात नाव आहे, अतिक्रांत आशौच. म्हणजे वेळ टळून गेल्यावर कळलेल्या मरणाचं सूतक. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला, त्यात ते सविस्तर आहे. दहा दिवस उलटून गेल्यावर कळलं तर दिवस कमी होत जातात. वर्ष सरल्यावर कळलं तर नुसतं स्नान. आईवडिलांच्या बाबतीत मुलाला मात्र सवलत नाही. तो कितीही लांब असो, बातमी केव्हाही पोचो, ऐकल्या दिवसापासून पुरते दहा दिवस. आणि जो गेला तो गेलाच, ना पत्र ना निरोप, त्याच्यासाठी घरच्यांनी ठरावीक वर्षं वाट पाहायची, सर्वसाधारणपणे बारा. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. आणि असा माणूस पुढे जिवंत परत आलाच, तर? त्याचंही कलम आहे. त्याला तुपाने न्हाऊ घालून जातकर्मापासूनचे सगळे संस्कार पुन्हा करायचे. नव्याने जन्माला घालायचं.

मी हे पुढे अनेकदा वाचलं, आणि दर वेळी त्या कलमांपाशी थबकले. एवढे बारीक नियम कोणी हौसेने करत नाही. देशावरचा माणूस मुलखाबाहेर जायला लागला, चाकरीला, स्वारीला, यात्रेला, दक्षिणेच्या आशेने, आणि मागे राहिलेल्यांना रोज हा प्रश्न पडायला लागला, तेव्हा शास्त्र्यांना उत्तरं तयार ठेवावी लागली.

माझी नात टोरांटोला असते. मागे दोन दिवस तिच्याकडचं इंटरनेट बंद पडलं, तर तिचा जीव कासावीस झाला. पुन्हा सुरू झाल्यावर तिने मला विचारलं, ‘‘आजी, तुम्ही झाशीत कशा राहिलात गं? करमायचं तरी का?’’ फोनवर काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर मला माझ्या लग्नाच्या किती तरी मागे जावं लागतं.

झाशीचा किल्ला ओरछ्याच्या वीरसिंगदेव बुंदेल्याने १६१३मध्ये बांधला. छत्रसालाने बाजीरावाला मुलखाचा वाटा दिल्यावर बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला, आणि १७४२मध्ये नारोशंकर इथे सुभेदार म्हणून आले. नाशिकला गोदावरीच्या काठी ज्यांच्या नावाचं देऊळ आहे, तेच हे. त्यांनी किल्ला वाढवला, त्या भागाला शंकरगड म्हणतात. खाली गाव वसवलं. ओरछ्याची माणसं आणली, दक्षिणेतली आणली. १७५७मध्ये त्यांना परत बोलावलं. १७७०च्या सुमाराला रघुनाथराव नेवाळकर आले आणि मग नेवाळकर इथलेच झाले. मूळ रत्नागिरीकडच्या कोट गावचे, तिथून खानदेशात पारोळ्याला, तिथून झाशीला. त्यांनी लक्ष्मी तलावाकाठी महालक्ष्मीचं देऊळ बांधलं. तटाच्या दरवाजांची नावं बघा: दतिया, ओरछा, भांडेर, सागर, ज्या गावाला वाट जाते त्या गावाची. त्यांतच एक खंडेराव दरवाजा आहे. त्या नावाचं गाव कुठल्याही वाटेवर नाही. माणसांनी घरून येताना देव बरोबर आणला, त्याचं ते नाव असावं.

या माणसांना घरची खबर कशी मिळायची? सरकारी कागद घेऊन जासूद धावत, बहुधा जोडीने, म्हणजे एकाला वाटेत काही झालं तर दुसरा कागद पोचवील. सावकारांचे काशीद वेगळे. हुंड्यांबरोबर त्यांच्या थैलीत बातम्याही जात, आणि त्या पुष्कळदा सरकारी कागदाच्या पुढे निघत. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ला झाली. नानासाहेब पेशव्यांना तिचा खरा अंदाज आला तो २४ तारखेला, भेलशाजवळ, दक्षिणेकडे चाललेल्या एका सावकारी चिठ्ठीतून. मोती किती गळाले आणि मोहरा किती हरवल्या अशा सांकेतिक हिशेबात सगळं लिहिलेलं होतं. दहा दिवस, आणि तेही पेशव्याला. झाशीतल्या साध्या कारकुनाच्या बायकोला कोणाचा काशीद? ती वाट बघायची यात्रेकरूंची. देशावरून काशीला निघालेला एखादा ओळखीचा भटजी वाटेत उतरायचा, दोन दिवस जेवायचा, आणि सहा महिन्यांपूर्वी निघतानाचं गाव तिला सांगून पुढे जायचा.

असाच एक भटजी झाशीत आला आणि त्याने सगळं लिहून ठेवलं, हे आपलं भाग्य. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज झालेलं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असं कानावर आलं, म्हणून १८५७मध्ये तिशीतले विष्णुभट काकांना बरोबर घेऊन उत्तरेला निघाले. बंडाची बातमी त्यांना वाटेत शिपायांच्या तोंडून कळली. परत फिरता आलं असतं. ते पुढे गेले. फिरत फिरत झाशीला पोचले आणि १८५८च्या चैत्रात इंग्रजी फौजेचा वेढा पडला तेव्हा तटाच्या आत होते.

त्यांचं ते ‘माझा प्रवास’ मी झाशीत येऊन वाचलं. सासरी जुनी प्रत होती. तोवर झाशी मला परकी होती, ते वाचल्यावर ती माझी झाली. कारण विष्णुभट घाबरतात, उपाशी राहतात, लुटले जातात, पण कंटाळत नाहीत. राणीसाहेबांचा दिनक्रम, त्यांचा पोशाख, वाड्यातली व्यवस्था, जेवण, शहर, सगळं ते असं टिपतात की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस इथे राहायलाच आला आहे. ३ एप्रिलला इंग्रज तट चढून आत आले. पुढची लूट आणि कत्तल त्यांनी लपून बघितली. मिळवलेला पैसा गेला. झाशीच्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली, ती त्यांना स्वतःच्या पैशापेक्षा जास्त लागली, हे मला फार मोठं वाटतं. वाटेत एका विहिरीपाशी पराभूत राणी त्यांना भेटल्या आणि ओंजळीने पाणी प्यायल्या, तो प्रसंग तर महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे.

पण मी सारखी वरसईचा विचार करते. दोन वर्षांहून अधिक काळ हा मुलगा आणि त्याचा काका उत्तरेत होते. उत्तरेत काय चाललंय याच्या बातम्या कोकणात पोचतच असणार: दिल्ली, कानपूर, झाशी. आईवडिलांनी ती नावं ऐकायची आणि आपला मुलगा त्यांतल्या कुठल्या गावात होता ते माहीत नसायचं. विष्णुभटांना निदान रोजचा दिवस होता, काका होते, पुढचं गाव होतं. वरसईला नुसता दरवाजा होता. शेवटी काशी, अयोध्या करून ते घरी पोचले, खांद्यावर गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. दक्षिणेतून कर्ज फिटलं नाही. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहाने त्यांनी पुढे पंचवीसेक वर्षांनी हे लिहिलं, आणि छापलं गेलं १९०७मध्ये, ते हयात नसताना.

वाट बघणं राणीलाही चुकलं नव्हतं. तिचे पती गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ला वारले. दत्तक मान्य व्हावा म्हणून खलिते गेले. कलकत्त्याला निर्णय झाला फेब्रुवारीच्या शेवटी, आणि झाशीला तो सांगितला गेला मार्चच्या मध्यावर. मधले दोन-अडीच आठवडे तिचं राज्य गेलेलं होतं आणि तिला माहीत नव्हतं. त्या दिवसांतही वाड्यात पूजा झाल्या असतील, नैवेद्य दाखवले गेले असतील. माझ्या पुरणाच्या दिव्यांसारखेच.

ज्या डलहौसीने झाशी घेतली त्यानेच त्याच १८५४ सालात पाव तोळ्याच्या पत्राला अंतर न बघता अर्धा आणा दर लावला. त्याआधी मुंबई ते कलकत्ता एक तोळ्याला रुपया पडायचा. राज्य घेणारा आणि टपाल देणारा माणूस एकच, ही गोष्ट गिळायला कठीण आहे, पण खरी आहे. १८७९मध्ये पैशाचं कार्ड आलं, दुसऱ्या वर्षी मनीऑर्डर. झाशी मधली पंचवीस वर्षं, १८६१ ते १८८६, शिंद्यांकडे होती. मग ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांनी ती परत घेतली. १८८९मध्ये रेल्वे आली. पुढे जी. आय. पी. रेल्वे, मग मध्य रेल्वे. मुख्यालय मुंबईला, त्यामुळे मराठी माणसांची झाशीला पुन्हा एक खेप आली, या वेळी तलवार-पोथी न घेता पाना-हातोडा घेऊन. माझे मामंजी वॅगनच्या कारखान्यात होते. २००३मध्ये झाशी उत्तर मध्य रेल्वेत गेली, मुख्यालय अलाहाबादला, आणि मुंबईची ती ये-जा आटली.

आता एक गोष्ट सांगते, ती घरातली आहे. माझ्या आजेसासूबाई पारोळ्याकडच्या. पहिल्या महायुद्धाच्या आधी, अकराव्या वर्षी लग्न होऊन झाशीला आल्या. रेल्वे होती, कार्ड होतं, तरी माहेरी आयुष्यात दोनदा गेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. माहेरचं कार्ड आलं की माडीवर पुरुष ते वाचत आणि खाली येऊन सांगत, आणि सांगताना हवं ते गाळत. त्यांची आई गेली तेव्हा त्यांना सातवा महिना होता. कोपरा फाडलेलं, म्हणजे मरणाच्या खबरीचं, कार्ड आलं, माडीवर वाचलं गेलं, फाडून टाकलं गेलं. त्यांना कळलं बाळ चार महिन्यांचं झाल्यावर. मधल्या काळात त्या प्रत्येक कार्डाला विचारत, ‘‘आईचं काय लिहिलंय?’’ आणि दीर सांगत, ‘‘आशीर्वाद लिहिलाय.’’ सासूबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कापत होता, आणि घटना घडून साठाहून अधिक वर्षं झाली होती. घरच्यांनी ते आजेसासूबाईंच्या भल्यासाठी केलं, हे मला मान्य आहे. पण मी त्यांना माफ करू शकत नाही. तारा तुटल्या नव्हत्या, टपाल वेळेवर आलं होतं. बातमी जिन्यावर अडवली होती. म्हणून जुना काळ कसा शांत होता असं कोणी म्हणालं की मला त्या जिन्याची आठवण होते.

आणि तरीही नातीच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘करमायचं’ असं आहे. खोटं बोलत नाही.

१९७२मध्ये मी वाईहून आले तेव्हा पहिले सहा महिने रडत काढले. सासूबाई भाजी चिरण्याला ‘सुधारणं’ म्हणत, घरातलं मराठी निम्मं बुंदेली, मला वाटे की मी मराठी घरात दिलेलीच नाही. मग चैत्र आला. जुन्या शहरातल्या गणेश मंदिरात, जिथे मनूचं लग्न लागून ती लक्ष्मीबाई झाली, तिथे आम्ही बायका जमायला लागलो. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हं. तिथे मला पत्र वाचण्याची झाशीची रीत कळली. पत्र एकीला यायचं आणि पाच घरी वाचलं जायचं. माझ्या आईने वाईच्या गणपतीचं, कृष्णामाईच्या उत्सवाचं, शेजारच्या गाईला झालेल्या वासराचं लिहिलेलं ज्या बायका ऐकायच्या त्यांनी वाई पाहिली नव्हती, कित्येकींनी तर महाराष्ट्रच पाहिला नव्हता. पण त्या पुढच्या पत्राच्या वेळी वासराची चौकशी करायच्या. माझ्या माहेराला झाशीत पाच बहिणी मिळाल्या.

कोणी मुंबईला निघालं की यादी जायची: आमसुलं, मेतकूट, गोडा मसाला, नऊवारीचं अमुक काठाचं लुगडं, आणि पंचांग. पंचांग सगळ्यांत आधी. दात्यांचं सोलापूरचं, आणि १९७३नंतर कालनिर्णयही. त्याच्याशिवाय आम्ही इथे हरवलो असतो. बाजारातलं पंचांग पौर्णिमेला महिना संपवणारं. आमचा भाद्रपदातला पितृपक्ष त्यांच्या आश्विनात पडतो, आमचा कृष्णाष्टमीचा श्रावण त्यांचा भादों असतो. तिथी तीच, चंद्र तोच, नाव वेगळं. दोनशे-अडीचशे वर्षं झाशीच्या मराठी घरांनी आपले महिने असे जपले, भिंतीवरच्या त्या एका कागदावर बोट ठेवून.

घाईचं पत्र असलं तर मामंजी संध्याकाळी स्टेशनवर जायचे. मेलगाडीला टपालाचा डबा असे, त्याच्या अंगातच पेटीची फट. जादा तिकीट लावून पत्र त्यात टाकायचं. एकदा मी बरोबर गेले होते. डब्यात पिवळ्या दिव्याखाली माणसं खणांसमोर उभी राहून पत्रं वाटत होती, एका हातात गठ्ठा, दुसरा हात भराभर खणांत. माझं इनलँड मी स्वतः आत सोडलं, आणि आतल्या माणसाने ते उचलून पत्ता वाचताना मला दिसला. गाडी हलली. मुंबईच्या दिशेचा तो लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत आम्ही उभे होतो. उत्तर यायला आठ-दहा दिवस लागत, आणि त्या आठ-दहा दिवसांत मी झाशीत असे, पुरती झाशीत: महालक्ष्मीच्या देवळात, तलावावर, शेजारच्या मिश्राइनीच्या ओसरीवर बडीशेप निवडत. नात टोरांटोत राहते, पण दिवसाचे चार तास तिचं मन पुण्यात असतं. तिच्या शेजारी कोण राहतं ते तिला सांगता आलं नाही. मला तिची काळजी वाटते ती तेवढ्यासाठी.

तरीही निवड करायची वेळ आली तर मी तिचं इंटरनेटच घेईन. त्या शुक्रवारी मला कळायला हवं होतं. आजेसासूबाईंना कळायला हवं होतं. ते कळलं असतं तर मिश्राइनीची ओसरी काही कुठे जात नव्हती.

वडिलांची तार मी फाडली नाही. अशुभ कागद घरात ठेवू नये म्हणून सासूबाईंनी दोनदा सांगितलं, मग त्या बोलल्या नाहीत. त्या वर्षीच्या पंचांगात, श्रावणाच्या पानाशी ती ठेवली आहे. झाशी, ग्वाल्हेर, सागर, इंदूर, बडोदे, तंजावर, जिथे जिथे मराठी घरं गेली तिथल्या माळ्यांवर अशी पत्रं अजून असतील. काही मोडीत, काही कोपरा फाटलेली. वाचणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. घर विकताना, माळा झाडताना ती रद्दीत घालू नका. मोडी वाचणारी माणसं आज आहेत, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. गोडसे भटजींची मूळ पोथी तिथेच जपली गेली, आणि दत्तो वामन पोतदारांनी ती १९६६मध्ये जशीच्या तशी छापली. तुमच्या माळ्यावरचा गठ्ठा तिथवर नेऊन दाखवा.